चेटकिणीने राजाला साप दिला

‘राजा आजारी का पडला?’ हा प्रश्न काही अवघड नव्हता. श्रवणचाचणीची गोष्ट सरांनी वर्गात दोनदा वाचून दाखवली होती, आणि ती त्यांनी स्वतःच लिहिलेली असल्यामुळे जरा जास्तच सावकाश वाचली होती. राजाने चेटकिणीचं आवडतं झाड तोडलं, चेटकिणीने रागावून त्याला शाप दिला, राजाने अंथरूण धरलं. मुलांनी नुसतं कान देऊन ऐकायचं आणि ऐकलं तसं लिहायचं. पदरचं काही घालायचं नाही, हा सरांचा जुना दंडक.

रविवारी सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून सरांनी पहिला पेपर उघडला. उत्तर होतं, ‘कारण चेटकिणीने राजाला साप दिला.’ सर हसले. दुसऱ्या पेपरातही साप निघाला, तेव्हा त्यांचं हसू आटोपतं झालं. तिसऱ्यात साप, चौथ्यात साप. चहा थंड झाला तरी साप निघतच राहिले. एकाने लिहिलं होतं, ‘साप विषारी नसावा, कारण राजा लगेच मेला नाही.’ एकीने चित्र काढून सापाला मुकुट घातला होता. वर्गातल्या यच्चयावत मुलांनी राजाला साप दिला होता.

‘‘अक्कल ज्याची त्याची, पण चोरी एकच!’’ सरांनी गठ्ठा टेबलावर आपटला.

सरांचं टोपणनाव होतं ऱ्हस्वदीर्घ. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. अशुद्ध लेखन आणि अशुद्ध उच्चार हे त्यांच्या जन्माचे वैरी. दुकानांच्या पाट्या ते जाता जाता तोंडी दुरुस्त करत. शेजारचे आजोबा गेले तेव्हा फाटकावरच्या फलकात ‘दुःखद’ शब्दाला विसर्ग नव्हता. सरांनी खिशातलं पेन काढून आधी विसर्ग दिला आणि मग डोळे पुसले. ‘‘श आणि स यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने तोंड फक्त जेवायला उघडावं,’’ हे त्यांचं वाक्य शाळेतल्या कित्येक पिढ्यांना पाठ होतं.

त्याहून मोठा अभिमान एकच, तो म्हणजे त्यांचा वर्ग. ‘‘माझ्या वर्गात कॉपी होत नाही,’’ हे ते शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा म्हणत की गणिताच्या बाई ‘‘आणि माझ्या वर्गात काय दरोडे पडतात?’’ असं विचारून पुन्हा वह्या तपासायला लागत. या वर्गाला सर पाचवीपासून शिकवत आले होते. हाच वर्ग दहावीपर्यंत पोचवायचा आणि मग निवृत्त व्हायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पोरं होतीही तशी गुणी. एकमेकांना डबा देत, एकमेकांच्या आजारपणात घरी जात. म्हणून तर हा साप फार जिव्हारी लागला.

सोमवारी ही बातमी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर गेली. नेली गणिताच्या बाईंनीच, पण अगदी काळजीच्या सुरात.

‘‘अख्खा वर्ग मिळून कॉपी करत असेल तर वर्ग मोडावा लागेल,’’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘‘निम्मी मुलं ब तुकडीत, निम्मी क मध्ये. तुम्हाला दुसरा वर्ग देऊ.’’

‘‘एक संधी द्या, बाई,’’ सर म्हणाले. ‘‘या शुक्रवारी पुन्हा चाचणी घेतो. असा बंदोबस्त करतो की मुंगीला मुंगीचं दिसणार नाही. तरीही उत्तरं सारखी आली, तर तुम्ही म्हणाल ते.’’

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सर ती कुणालाच सांगत नसत. महिनाभरापूर्वी त्यांनी वरची कवळी बसवून घेतली होती. त्यासाठी रजा घेताना अर्जात ‘घरगुती कारण’ असं लिहिलं होतं, आणि तोंडापेक्षा जास्त घरगुती दुसरं काय असणार? कवळी हा शब्द घरातही उच्चारायचा नाही असा हुकूम होता. तिला ‘पाहुणे’ म्हणायचं. ‘‘पाहुणे बसले का नीट?’’ असं पत्नी विचारी, आणि सर आरशासमोर ओठ घट्ट मिटून मान हलवत. शाळेत कुणाला पत्ता लागलेला नाही याची त्यांना खात्री होती. पाहुणे जरा जाडसर होते, टाळूला टेकून बसत, पण दिसायला दृष्ट लागण्यासारखे.

बंदोबस्ताच्या विचारातच सर घरी आले आणि त्यांनी प्रश्नपत्रिका लिहायला घेतली. पेन कोरडं पडलं होतं.

‘‘अगं, घरात शाई आहे का?’’

पत्नीने वाटी आणून पुढ्यात ठेवली. वाटीत दुधावरची साय होती.

‘‘हे काय?’’

‘‘तुम्हीच मागितलीत ना? सकाळचीच आहे. साखर घालू?’’

सरांनी वाटीकडे पाहिलं, मग पत्नीकडे पाहिलं, आणि त्यांना तिची दया आली. वय झालं की कान आधी दगा देतात. ते मायेने म्हणाले, ‘‘उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. लाजू नकोस. होतं असं या वयात.’’

‘‘मला काही झालेलं नाही. ते पाहुणेच जरा...’’

‘‘पाहुण्यांचा विषय नको,’’ सर म्हणाले आणि त्यांनी साय खाल्ली.

खालच्या मजल्यावर निवृत्त जेलरसाहेब राहत. त्यांना खरोखरच कमी ऐकू येई, त्यामुळे समोरच्याचं बोलणं ऐकण्याची त्यांना कधी गरज भासली नाही. आपल्याशी काय बोलायला आले आहेत हे ते चेहऱ्यावरून ठरवत. सरांचा चेहरा पाहून ते म्हणाले, ‘‘चोरी ना? मग दोन गोष्टी. पहिली, पुरावा काय आहे ते संशयिताला सांगायचं नाही. सांगितलं की तो सावध होतो. दुसरी, नजर वरून पाहिजे. कैदी असो की पोरगं, डोक्यावर कुणीतरी बसलंय म्हटल्यावर मान आपोआप खाली जाते.’’

सरांना दोन्ही गोष्टी पटल्या. म्हणून त्यांनी सापाबद्दल वर्गात चकार शब्द काढला नाही. पेपर कुलूपबंद केले आणि मुलांकडे नुसतं अर्थपूर्ण पाहिलं. मुलांना वाटलं, सरांच्या पोटात दुखतंय. एकीने घरून ओवा आणून दिला.

राहता राहिली वरून नजर. त्यासाठी शिडी हवी. शाळेची वस्तू हवी तर कार्यालयात मागणी नोंदवावी लागे, आणि कार्यालय म्हणजे हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावर कायम तीन तऱ्हेचे शिक्के आणि एक अर्धवट खाल्लेलं बिस्किट असे.

‘‘भाऊसाहेब, शुक्रवारच्या चाचणीसाठी एक शिडी पाहिजे.’’

हेडक्लार्कांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘आता कोण वापरतं, सर?’’

‘‘का? पूर्वीपासून सगळेच वापरतात.’’

‘‘पूर्वी वापरायचे. आता पेनड्राइव्ह निघालेत.’’

शिडीच्या जागी पेनड्राइव्ह कसा काय चालेल हे सरांना उमगेना, पण कार्यालयात न उमगणं ही त्यांना सवयीची गोष्ट होती. ‘‘मला तीच पाहिजे,’’ ते ठामपणे म्हणाले.

‘‘रिकामी की भरलेली?’’

सरांनी विचार केला. रंगाऱ्याच्या शिडीला डबे अडकवलेले असतात खरे. ‘‘रिकामीच द्या. पुढचं मी बघतो.’’

तीन शिक्के बसले, दोन सह्या झाल्या, आणि बुधवारी शिपायाने एक पाकीट आणून दिलं. पाकिटात शिडी कशी मावेल, असा विचार करत सरांनी ते उघडलं. आतून चकचकीत तबकडी निघाली. सर तिच्याकडे पाहत राहिले, तर तिच्यात त्यांना स्वतःचाच गोंधळलेला चेहरा दिसला. म्हणजे हेडक्लार्कांचेही कान गेले! त्या दिवशी सरांना पहिल्यांदा वाटलं की गावात बहिरेपणाची साथ आली असावी.

साथ वर्गातही पोचली होती. पहिल्या बाकावर एक मुलगी बसे. तिला प्रत्येक तासाला काहीतरी विचारायचं असे, म्हणून सर तिला कौतुकाने ‘शंका’ म्हणत. त्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘‘ए संका, पट्टी दे!’’

‘‘संका?’’ सर कडाडले. ‘‘कुठली भाषा ही? शंका म्हणा! स नव्हे, श! सगळ्यांनी म्हणा, स नव्हे, श!’’

वर्गाने एका सुरात म्हटलं, ‘‘स नव्हे, स!’’

‘‘अरे, स नव्हे! श, श!’’

‘‘स, स!’’ वर्ग मनापासून म्हणाला. कुणाच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. शंका मात्र काहीच म्हणाली नाही. ती सरांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. सरांना वाटलं, हिला तरी आपली तळमळ कळली.

शेवटी शिडी जेलरसाहेबांनी दिली, टाकी धुवायची. शुक्रवारी सकाळी ती खांद्यावर घेऊन सर भर रस्त्याने शाळेत निघाले. आयुष्यभर ज्या पाट्यांच्या चुका काढल्या, त्या सगळ्या पाट्यांखालच्या दुकानदारांनी त्या दिवशी त्यांना मान वर करून पाहिलं. एकाने ‘‘रंग काय भावाने लावता?’’ असंही विचारलं. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, ‘‘सर, दिवा मी बदलला असता की, तुम्ही कशाला?’’ सरांनी उत्तर दिलं नाही, कारण दोन्ही हात शिडीत आणि सगळं लक्ष तोलात होतं.

बाकांसाठी खोकी सुचवली होती पत्नीने. वाण्याकडून आणलेली पुठ्ठ्याची खोकी एका बाजूने कापून प्रत्येकासमोर आडोशासारखी ठेवायची. मुलांना हा बेत बेहद्द आवडला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच स्वतंत्र खोली मिळाली होती. कुणी खोक्याला खिडकी काढली, कुणी दारावर घंटी. सरांनी खिडक्या बुजवल्या. मग ते शिडीच्या टोकावर चढून बसले आणि त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. एक, पंखा कानापासून वीतभर अंतरावर आहे, तेव्हा तो बंद ठेवावा लागणार. दुसरी, वरून पोरं दिसतच नाहीत, नुसती खोकी दिसतात. खोक्यांवर छापलेलं होतं, ‘नाजूक माल, सांभाळून हाताळा’.

या खेपेची गोष्ट मुद्दाम साधी होती. माळ्याने फळ खाऊन साल वाटेत टाकली, राजा त्या सालीवरून घसरला, इतक्यात झुडपातून साप निघाला, राजा घाबरून पळाला. घामाने निथळत सरांनी ती शिडीवरून दोनदा वाचली. मुलांनी खोक्यांत डोकी घालून उत्तरं लिहिली. कुणाची मान हलली नाही, कुणाचा ओठ हलला नाही. दारातून मोठ्या बाई सगळं पाहत होत्या. शिडीवरून उतरताना सरांची एक चप्पल खाली पडली, तरीसुद्धा कुणी हसलं नाही. एका मुलाने ती उचलून नेमकी त्यांच्या पायाखाली धरली.

पेपर मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सरांच्या समोरच उघडले. राजा कशावरून घसरला? ‘शालीवरून.’ माळ्याने वाटेत काय टाकलं? ‘शाल.’ राजा का पळाला? ‘झुडपातून शाप निघाला म्हणून.’ पहिल्या पेपरात शाल, शेवटच्या पेपरात शाल. झुडपातून निघालेला शाप तर कुणाच्याच पेपरात चुकला नव्हता.

‘‘मागच्या वेळी शापाचा साप झाला, या वेळी सापाचा शाप,’’ गणिताच्या बाई म्हणाल्या. ‘‘हिशेब जुळला म्हणायचा.’’ पण सरांचा चेहरा पाहून त्यांनीच पुढचा पेपर झाकून ठेवला.

‘‘सोमवारपासून वर्ग मोडू,’’ मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘मुलांना तुम्हीच सांगा, सर. तुमच्या तोंडून कळलेलं बरं.’’

सर वर्गात गेले. पोरं अजून खोक्यांतच बसली होती. एकेक खोकं बाजूला झालं आणि एकेक चेहरा बाहेर आला. सर खुर्चीवर बसले.

‘‘तुमचा वर्ग मोडणार आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘मला राग नाही आला. वाईट वाटलं. भिंतीआड बसवलं तरी तुम्ही तेच केलंत. कसं केलंत ते मी विचारत नाही. का केलंत, एवढंच सांगा.’’

शंका उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

‘‘सर, आम्ही कॉपी नाही केली. आम्ही ठरवून केलं.’’

‘‘ठरवून केलं म्हणजे कॉपीच की!’’

‘‘कॉपी नाही, सर. भाषांतर.’’

‘‘भाषांतर?’’

‘‘तुम्ही स म्हणालात की आम्ही श लिहायचं, असं बुधवारी मधल्या सुट्टीत ठरलं. कारण तुम्हाला श म्हणायचं असतं, पण तो स होतो. आधीच्या गोष्टीत आम्हाला खरंच वाटलं की चेटकिणीने साप दिला. चेटकीण देऊ शकते ना, सर? मग परवा तुम्ही ‘स नव्हे, स’ म्हणालात, तेव्हा मला कळलं. तुमचे दात नवीन आहेत ना?’’

सरांचा हात आपोआप तोंडाकडे गेला. पाहुण्यांची बातमी अख्ख्या वर्गाला होती तर!

‘‘मग मला सांगितलं का नाहीत?’’

‘‘माझ्या आजोबांना बसवले होते, सर. ते काही बोलले की घरात सगळे हसायचे. मी पण हसायचे. मग आजोबांनी बोलणंच सोडलं. गोष्टी सांगायचे, त्या पण सोडल्या.’’ तिने नाक पुसलं. ‘‘तुम्ही पण सोडल्या असत्या तर? म्हणून ठरवलं, कुणी हसायचं नाही, आणि लिहिताना आपणच बरोबर करून घ्यायचं. पण या वेळच्या गोष्टीत खरेच स होते. ते आम्हाला कळलं नाही.’’

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. महिनाभर ते या पोरांपुढे बोलत होते. काय काय बोलले असतील देव जाणे. कुणीही, एकदाही हसलं नव्हतं. स्वतःचं घोरणं आणि स्वतःचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही हेच खरं. आता मात्र त्यांनी कान देऊन, हळूच, स्वतःशी तो शब्द म्हणून पाहिला.

‘‘साप,’’ सर म्हणाले, आणि त्यांनी तो ऐकला.

शिक्षकांच्या खोलीपर्यंतचा व्हरांडा त्या दिवशी फार लांब वाटला. गप्प बसलं तर पाहुणे सुरक्षित होते. सोमवारी पोरं दोन तुकड्यांत गेली असती आणि ऱ्हस्वदीर्घ सरांच्या तोंडाला काय झालं आहे हे शाळेत कुणाला कळलं नसतं. पोरं सांगणार नव्हतीच, एवढं त्यांना आता पक्कं ठाऊक होतं. आत मोठ्या बाई होत्या, गणिताच्या बाई होत्या, आणि शिडीच्या मागणीचा कागद बंद करायला आलेले हेडक्लार्कही होते. सर दारातच उभे राहून म्हणाले, ‘‘बाई, कॉपी झालेली नाही. चूक पोरांच्या पेपरात नाही, माझ्या तोंडात आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मी कवळी बसवली आहे.’’ हा शब्द त्यांनी घरातसुद्धा कधी उच्चारला नव्हता. ‘‘आता नीट ऐका. चेटकिणीने राजाला साप दिला.’’ त्यांनी खोल श्वास घेतला. ‘‘मी आत्ता सापच म्हणालो ना? मला साप म्हणायचं होतं. सापातला नव्हे, साळेतला स. सहामृगातला. सेवटचं सांगतो, सब्दकोसातला!’’

हेडक्लार्कांच्या तोंडून शब्द निघाले, ‘‘म्हणजे ती सीडी...’’

‘‘सिडी हो, भाऊसाहेब! भिंतीला लावून चढतात ती सिडी!’’

गणिताच्या बाईंनी पदर तोंडात कोंबला. मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांचे खांदे हलत होते. आणि मग सर स्वतःच हसले, पाहुणे बाहेर येऊ नयेत म्हणून तोंडावर हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं ते त्यांनाच ठाऊक.

सगळं ऐकून घेतल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘संगनमत मात्र झालंच की, सर.’’

‘‘झालं, बाई. का झालं ते पाहा.’’

मोठ्या बाईंनी पेपरांचा गठ्ठा बांधून त्यांच्या हातात दिला. ‘‘वर्ग राहू द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो तुमच्यापासून तोडला तर पाप लागेल मला.’’

घरी पत्नीने शांतपणे कानाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही कान उत्तम आहेत, असं त्यात लिहिलं होतं. ‘‘मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का?’’ तिने विचारलं. सायीची वाटी सरांनी स्वतः उठून आणली आणि अर्धी तिला दिली.

दातांच्या डॉक्टरांनी कानस घेऊन पाहुण्यांची टाळूकडची बाजू घासून पातळ केली. दोन दिवस घरभर ‘शाल, शिडी, शहामृग’ चालू होतं. मग सर वर्गात गेले, टेबलापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘शाप.’’ वर्गाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या चाचणीत साप लिहिणाऱ्या सगळ्यांना त्यांनी त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले, कारण ऐकलं तसं लिहिणं हाच दंडक होता. शालीला मात्र शून्य दिलं. पदरचं घालायचं नाही, मग ते कितीही मायेने घातलेलं असो. वर्गाला ते मान्य होतं.

नवा धडा संपला. सरांनी पुस्तक मिटलं. पहिल्या बाकावर हात वर झालाच होता.

‘‘बोल, शंका,’’ सर म्हणाले. श अगदी स्वच्छ, टाळूला जीभ लावून म्हटलेला.

मुलगी उठली नाही. तिने मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला हाक मारली आहे. वर्गही इकडेतिकडे पाहू लागला.

‘‘अगं, तुलाच म्हणतोय. शंका!’’

मागच्या बाकावरून कुणीतरी भीत भीत म्हणालं, ‘‘सर, तिचं नाव आता संका आहे. तुम्हीच ठेवलंय.’’

ऱ्हस्वदीर्घ सरांनी आयुष्यात एकही चूक दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती, अगदी मयताच्या फलकावरचीसुद्धा नाही. त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. मग, पाहुणे उत्तम बसलेले असताना, जीभ मुद्दाम पुढे घेऊन त्यांनी जाणूनबुजून पहिला अशुद्ध उच्चार केला.

‘‘बोल, संका,’’ ते म्हणाले. ‘‘काय विचारायचंय?’’